गणपतीआधी रंग काढू का?

प्रश्न : डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर आमचा वन बीएचके आहे, इमारत बावीस वर्षांची. बेडरूमची पश्चिमेकडची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते, पोपडे सुटतात. एरवी कोरडी असते. तिला लागूनच लाकडी कपाट आहे. परवा उघडलं तर कुबट वास, आणि पैठणीवर पांढरे ठिपके! रंगारी म्हणतो, वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारू. गणपतीआधी उरकून घेऊ का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नको, ताई. रंगाऱ्याला दिवाळीनंतर या म्हणावं.

छत्तीस वर्षं साइटवर सुपरवायझर होतो मी, तरी मुलीच्या साखरपुड्यापायी ऐन जुलैत हॉलची भिंत रंगवून घेतली होती. बाराव्या दिवशी रंगाखाली पाणी धरून लिंबाएवढा फोड आला, तोही नेमका व्याही बसले होते त्यांच्या डोक्यामागे. आमच्या सौ. अजून पाहुण्यांना हा किस्सा चहाबरोबर देतात.

तर आधी पाणी येतं कुठून ते बघा. फूटभर पारदर्शक प्लास्टिक घ्या, भिंत पुसून ते चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्कं बसवा आणि दोन दिवस हात लावू नका. आतल्या अंगाला पाणी सुटलं तर ओल भिंतीतून येतेय, बाहेरच्या अंगाला दव धरलं तर खोलीतल्या हवेतून. माझा अंदाज विचाराल तर तुमच्याकडे दोन्ही आहे. वरच्यांची न्हाणी गळत असती तर भिंत मे महिन्यातही ओली दिसली असती. तुमची फक्त पावसाळ्यात भिजते, म्हणजे झड खाणारी बाहेरची बाजू. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, पश्चिमेच्या भिंतीला तो सगळा सोसावा लागतो. खाली उतरून वर बघा : प्लास्टरला केसासारख्या चिरा, खिडकीच्या सिलला आतल्या बाजूला उतार, पाइपाच्या सांध्यात पिंपळाचं रोप. यातलं एक तरी सापडेलच.

आता कपाट. ते भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. मागे हवा खेळत नाही आणि भिंत गार, बुरशीला आणखी काय हवं? बेडरूममध्ये दोरी बांधून कपडे वाळत घालत असाल तर ते बंद करा. बादलीभर धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी त्याच हवेत जातं. बाहेरच दमट असताना खिडक्या सताड उघडून काही साधत नाही. एसी असेल तर ‘ड्राय’वर तास-दोन तास लावा. कापूर, डांबरगोळ्या यांनी वास झाकतो, कसर पळते. ओल आहे तिथेच राहते. कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, ते बंद कपाटातली ओल खरंच ओढतात. फक्त तळाच्या खणात ठेवा. साठलेलं पाणी साडीवर सांडलं तर साडी गेली.

भिंतीवरची बुरशी कोरडी खरवडू नका, ती घरभर उडते. मास्क लावून साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. काही घरांत ब्लीच आणि संडासचं अ‍ॅसिड एकत्र ओततात. विषारी वायू सुटतो हो! पैठणीला यातलं काहीच लावायचं नाही. उघडीप मिळेल तेव्हा सावलीत पसरा, मऊ ब्रशने घराबाहेर झटका आणि ड्रायक्लीनला द्या.

आणि मुख्य काम. बाहेरच्या भिंतीतून होणारी पावसाच्या पाण्याची गळती आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. परांची बांधून चिरा भरायचं काम होणार एप्रिल-मेमध्ये, पण अर्ज आजच द्या, तारखेसकट फोटो जोडून, आणि पोच घ्या. एप्रिलमध्ये गेलात तर भिंत खडखडीत वाळलेली असेल. कमिटी येईल, हात फिरवून बघेल आणि विचारेल, “कुठंय ओल?”