ड्रॉप बॉल देताना

फुटबॉलचा पंच म्हणून शिट्टी पहिल्यांदाच हातात घेतो आहेस ना, मग ड्रॉप बॉल, म्हणजे थांबलेला खेळ पंचाने हातातून चेंडू सोडून पुन्हा सुरू करणं, आधी पक्का करून घे. कुणी जखमी झालं म्हणून खेळ थांबवलास, किंवा चेंडू तुला लागून ताबा समोरच्या संघाकडे गेला, तर खेळ याच पद्धतीने पुन्हा सुरू होतो. पूर्वी दोन्हीकडचे खेळाडू समोरासमोर उभे राहून चेंडूवर तुटून पडायचे, पायावर पाय पडायचे. २०१९ च्या नियमबदलाने ते थांबलं आणि फार बरं झालं. आता चेंडू एकाच संघाच्या एकाच खेळाडूपुढे टाकायचा, बाकी सगळे चार मीटर लांब.

नवे पंच चुकतात ते पेनल्टी क्षेत्रात, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीत. तिथे खेळ थांबला तर चेंडू बचाव करणाऱ्या गोलरक्षकालाच, शेवटचा स्पर्श आक्रमकाचा असला तरी! आरडाओरडा होईल, होऊ दे. आधी हाताने सगळ्यांना मागे सार, मग कमरेच्या उंचीवरून चेंडू सरळ सोड. जमिनीला टेकला की खेळ सुरू. त्याआधी कुणाचा पाय लागला तर पुन्हा टाक. आणि त्यावर थेट गोल होत नाही. निदान दोन खेळाडूंचा स्पर्श हवाच.