वाचक विचारतात: दाताचा इलाज परवडेल असा कुठे होतो?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की हिरड्यांतून रक्त येत असेल तर अंगावर काढू नका, दाखवून घ्या. त्यावर बऱ्याच जणांनी उलट विचारलंय, ताई, दाखवायला काही जात नाही हो, पण बिल कोण भरणार? बरोबरच आहे. म्हणून ह्या वेळी इलाजापेक्षा पैशांचंच जास्त बोलू. मी स्वतः दाताची डॉक्टर, आता क्लिनिक बंद केलंय, त्यामुळे कोणाचं गिऱ्हाईक तुटेल ही काळजी मला नाही.

प्रश्न: ताई, सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. वरचे दात सगळे गेले, खालचे पुढचे चार-पाच आहेत ते हलतात. पोळी दुधात कुस्करून नाहीतर मऊ वरणभात, दुसरं काही जात नाही. जवळच्या क्लिनिकमध्ये विचारलं तर राहिलेले दात काढून पूर्ण कवळीचा आकडा असा सांगितला की ह्यांचा महिन्याचा पगार जाईल. आम्ही त्यांचं सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड काढलंय, पाच लाखांचं, पण रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली इथे चालत नाही. शेजारचे काका म्हणतात सगळीकडे चालतं, तुम्हाला फसवताहेत. खरं कोणाचं?
— एक सून, सुदामानगर

उत्तर: त्या मुलीचं खरं आहे, काकांना सांगा. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून जे वय वंदना कार्ड मिळतंय ते वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे हे खरं, पण ते दवाखान्यात भरती होऊन करायच्या इलाजासाठी. म्हणजे पडून जबडा मोडला, तोंडात गाठ झाली, ऑपरेशन लागलं, तर उपयोगी. कवळी, फिलिंग, रूट कॅनाल, कॅप ह्यातलं काही त्यात बसत नाही. मला हे कधीच पटलेलं नाही, जबडा मोडला तर सरकार पैसे देणार आणि चावता येत नाही म्हणून म्हातारं माणूस दिवसेंदिवस वाळत चाललंय त्याला काही नाही, पण आहे हे असं आहे. आणि प्रायव्हेट मेडिक्लेममध्येही बहुतेक हेच, ॲक्सिडेंट असेल तरच दात.

आता तुम्ही काय करायचं. आपल्या इंदूरला एमवाय ह्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या समोर, जीपीओजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे, १९६१ पासूनचं. कित्येक दशकं अख्ख्या मध्य प्रदेशात सरकारी असं हे एकच, त्यामुळे धार, झाबुआ, खरगोनकडचेही लोक येतात आणि गर्दी असते. फी लागते, पण बाहेरच्या मानाने किरकोळ. सकाळी लवकर जा, पर्ची काढा, आधार कार्ड जवळ असू द्या. आधी ओरल मेडिसिनवाले तपासतात, एक्स-रे सांगतात, मग तिथून पुढच्या विभागात पाठवतात. हलणारे दात काढायला ओरल सर्जरी, कवळीला प्रोस्थो. पहिल्याच दिवशी कवळीचं माप होईल अशा समजुतीने जाऊ नका, दात काढल्यावर हिरडी भरून हाडाचा आकार जरा स्थिर व्हायला दीड-दोन महिने तरी द्यावे लागतात, नाहीतर आज बसवलेली कवळी सहा महिन्यांत ढिली.

कवळीलाच पाच-एक वेळा बोलावतात. पहिलं माप, दुसरं बारीक माप, मग मेणाच्या पट्ट्या घालून वरचा-खालचा जबडा कसा मिटतो ते, मग मेणात दात लावून ट्रायल, आणि शेवटी तयार कवळी. ह्यात ट्रायलचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक नेमके त्याच दिवशी म्हातारीला रिक्षात बसवून एकटी पाठवतात! त्या दिवशी तुम्ही बरोबर जा, आरसा हातात द्या, बोलायला लावा, दात फार लांब दिसतात का, ओठ फुगल्यासारखा वाटतोय का, रंग पांढराफटक आहे का, जे काय असेल ते तिथेच सांगा. मेणात असेपर्यंत पाच मिनिटांत दात हलवून देतात. एकदा पक्की झाली की नंतर कुरकुर करून काही होत नाही.

सासूबाईंना बीपी-शुगर असेल तर गोळ्यांची चिठ्ठी आणि ताजा शुगर रिपोर्ट घेऊन जा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका, ह्या एका कारणाने काही वेळा हृदयाचं दुखणं उभं राहतं.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, २०१७ ची. ६० वर्षांच्या पुढे, बीपीएल किंवा महिन्याचं उत्पन्न १५ हजारांच्या आत, अशांना काठी, वॉकर, चष्मा, कानाचं मशीन वगैरे फुकट देतात. त्या यादीत कवळीसुद्धा आहे. एलिम्को नावाच्या सरकारी कंपनीमार्फत कॅम्प लागतात, आधी तपासणी आणि नंतर वाटप. तुम्ही त्यात बसत असाल तर सामाजिक न्याय विभागात जाऊन पुढचा कॅम्प कधी ते विचारा. घरात ह्यांचा पगार आहे म्हणून लाजू नका, विचारायला पैसे पडत नाहीत.

कवळी आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे सासूबाई म्हणतील हे नको, काढून ठेवते. खालची जास्त हलते, ते सगळ्यांचंच होतं. मऊ खाण्यापासून सुरुवात, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं चावायचं, रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात नाही, ती वाकडी होते. कुठे टोचत असेल तर परत नेऊन घासून घ्या, घरी ब्लेडने खरवडू नका (हसू नका, माझ्याकडे असे पेशंट आलेत).

प्रश्न: मॅडम, मी पीथमपूरला कंपनीत आहे, पगार १८ हजार. खालची दाढ चार महिने झाले दुखते, मेडिकलवाला दर वेळी अँटिबायोटिक आणि पेनकिलर देतो, दोन दिवस बरं वाटतं, परत तेच. मधे पंधरा दिवस एकदम बंद झालं होतं म्हणून मी सोडून दिलं आणि आता परत ठणकतेय. क्लिनिकमध्ये आरसीटी (रूट कॅनाल) आणि कॅप सांगितली, पैसे नाहीत, म्हटलं काढून टाका, तर डॉक्टर म्हणाले चांगली दाढ आहे काढू नको. काय करू?
— अ. प., परदेशीपुरा

उत्तर: तुला तू म्हणते, चालेल ना. आधी मला सांग, पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापतात का? १८ हजार म्हणजे २१ हजारांच्या आत, त्यामुळे कापतच असणार, स्लिप काढून बघ, पाऊण टक्का जातो तो हाच. म्हणजे तू पैसे भरतोयस आणि वापरत नाहीस! पीथमपूरला काम करणारी निम्मी पोरं अशीच आहेत. ईएसआयच्या मोठ्या हॉस्पिटलांत दाताचा विभाग असतो आणि आपलं नंदानगरचं हॉस्पिटल तर तुझ्या घरापासून जवळच. आधी तुझ्या कार्डाला जोडलेल्या डिस्पेन्सरीत जा, तिथून पर्ची घेऊन पुढे. ईएसआयचं ई-पहचान कार्ड काढलेलं नसेल तर एचआरच्या मागे लाग. आई-वडील तुझ्यावर अवलंबून असतील तर त्यांचंही त्यातच होतं.

आता दाढेचं. ती पंधरा दिवस दुखायची थांबली तेव्हा बरी झाली नव्हती, आतली नस मेली होती म्हणून दुखत नव्हती. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, मग गोळीतलं औषध तिथे पोचणार कसं? म्हणून अँटिबायोटिकने दोन दिवस सूज उतरते आणि मूळ जागेवर सगळं तसंच. वरून त्या पेनकिलरने पोट आणि किडनीचं नुकसान होतं ते वेगळंच. एक तर आरसीटी कर, नाहीतर दाढ काढ, तिसरा रस्ता नाही.

मी असते तर वाचवली असती. काढलेल्या दाढेच्या जागी पुढे ब्रिज नाहीतर इम्प्लांट करायला गेलास तर आरसीटीच्या कितीतरी पट जातात, आणि काहीच नाही केलं तर शेजारची दाढ तिरपी होते, वरची खाली उतरते. आरसीटी कॉलेजातही होते, कन्झर्वेटिव्ह विभागात, फक्त दोन ऐवजी चार खेपा होतील. शिफ्ट बदलून घे. बाहेरच करायची असेल तर कॅपसकट एकूण किती ते आधी विचार, बरेच जण फक्त आरसीटीचा आकडा ऐकून हो म्हणतात आणि कॅपच्या वेळी गायब होतात, मग वर्षभरात दाढ तुटते ती अशी की मग काढावीच लागते. मागच्या दाढेला मेटलची कॅप चालते, दिसत नाही, मजबूत असते, दाताच्या रंगाच्या झिर्कोनिया कॅपच्या मानाने खूप स्वस्त. मेटल मागायला लाजायचं काय त्यात.

गाल किंवा हनुवटीखाली सूज आली, ताप, तोंड उघडेना, गिळायला त्रास, असं काही झालं तर ओपीडीची वाट बघू नकोस, रात्र असली तरी सरळ एमवायच्या इमर्जन्सीत जा. दाताचं इन्फेक्शन मानेत उतरलं की जीवावर बेततं.

प्रश्न: कॉलेजात शिकाऊ पोरं हात साफ करून घेतात म्हणे. खरंय का?
— एक वाचक, रामबाग

उत्तर: शिकणारीच असतात, नाहीतर कॉलेज कशाला म्हणायचं. बीडीएसची, म्हणजे दाताच्या डॉक्टरीची पोरं चार वर्षं आणि वर इंटर्नशिप करतात, त्यापुढचं शिकणारे एमडीएसवाले तर आधीच डॉक्टर झालेले असतात, अवघड केसेस बहुतेक तेच करतात. प्रत्येक टप्प्यावर सर नाहीतर मॅडम बघून सही करतात तेव्हा पुढचं काम होतं. वेळ जास्त लागतो तो त्याच्यामुळेच. प्रायव्हेटमध्ये माझ्या मागे उभं राहून कोणी तपासत नव्हतं, एवढं लक्षात घ्या. आणि प्रत्येक विद्यार्थ्याला ठरावीक केसेस पूर्ण कराव्याच लागतात, त्यामुळे तुम्ही वेळेवर येणारे पेशंट असाल तर ती पोरं तुम्हाला स्वतः फोन करकरून बोलावतात. ज्याने काम सुरू केलं त्याचं नाव आणि नंबर पर्चीवर लिहून घ्या, परीक्षेच्या दिवसांत काम अडकलं तर तोच कामी येतो.

प्रश्न: मुलगी सात वर्षांची. मागच्या दाढेत काळा खड्डा आहे. आई म्हणते दुधाचा दात आहे, पडेलच, पैसे घालवू नका.
— लोकमान्यनगर

उत्तर: आईंना सांगा मोजून बघा. सहाव्या वर्षाच्या सुमाराला सगळ्यात मागे एक दाढ येते, कुठलाही दात पडल्याशिवाय गुपचूप येते, म्हणून सगळ्यांना ती दुधाची वाटते, आणि ती कायमची असते! समोरच्या मधल्या दातापासून एका बाजूला मागे मोजत गेलात आणि तो सहावा निघाला तर तो जन्मभराचा आहे. आत्ता फिलिंग थोडक्यात होईल, दोन वर्षांनी आरसीटी. कॉलेजात मुलांचा वेगळा विभाग आहे. मुलगी सरकारी शाळेत असेल तर आरबीएसकेची, म्हणजे मुलांच्या तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाची टीम तपासायला येते, त्यांच्या यादीत दाताची कीडही आहे, त्यांना दाखवा.

प्रश्न: भाऊ पाऊच (सुपारी-तंबाखूची पुडी) खातो. हल्ली पोहेसुद्धा तिखट लागतात म्हणतो, पाणीपुरी तोंडात जात नाही.
— एक बहीण, राजेंद्रनगर

उत्तर: त्याला म्हणा स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे घाल. जात नसतील तर ह्याच आठवड्यात डेंटल कॉलेजात ओरल मेडिसिनला दाखवायला न्या. सुपारीने गालाची आतली कातडी कडक होत जाते, आखडते, तोंड उघडणं कमी होतं, आणि अशातूनच पुढे काही जणांना कॅन्सर होतो. आपल्याकडे मध्य प्रदेशात गुटखा २०१२ पासून बंद आहे, देशात पहिला आपणच बंद केला, आणि दुकानदार मसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकतात, गिऱ्हाईक हातावर एकत्र करतं. कायद्याची ही अशी गंमत. आखडलेलं पूर्ण पहिल्यासारखं होत नाही, पण आजपासून सुपारी थांबली तर पुढे वाढायचं थांबू शकतं. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर त्या दिवशी कामावर सुट्टी टाकायला लावा.

प्रश्न: वॉर्डात संजीवनी क्लिनिक, म्हणजे सरकारचा छोटा दवाखाना आहे, तिथे दाताचा डॉक्टर का नाही? आमच्यासारख्या रोजंदारीवाल्यांनी कॉलेजच्या पाच चकरा मारायच्या म्हणजे पाच दिवसांची मजुरी गेली.
— मालवा मिल परिसरातून

उत्तर: तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. इलाज स्वस्त आहे पण मजुरी बुडते ती कोणी हिशोबात धरत नाही. दाताच्या डॉक्टरला नुसतं टेबल-खुर्ची आणि गोळ्यांचं कपाट पुरत नाही, डेंटल चेअर, कॉम्प्रेसर, एक्स-रे, हत्यारं वाफेच्या दाबाने जंतुमुक्त करायचं ऑटोक्लेव्ह, मटेरियल, मदतनीस असं सगळं लागतं. म्हणून सरकारी रचनेत प्राथमिक केंद्रावर दाताचं पद धरलेलंच नाही, ते वरच्या, सामुदायिक केंद्र नाहीतर जिल्हा हॉस्पिटलच्या पातळीवर येतं. शहरातल्या छोट्या क्लिनिकांत तर अजूनच नाही. तरी आठवड्यातून एक दिवस दाताचा डॉक्टर बसवणं, निदान तपासणी करून कोणत्या विभागात जायचं ते लिहून देणं, हे काही अशक्य नाही, तुमची पहिली चक्कर तरी वाचेल. असलेली सेवा मिळत नसेल तर १८१ वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण जी सेवाच नाही तिच्यासाठी पार्षदाला (नगरसेवकाला) लेखी मागणी द्या, दहा-वीस सह्यांची, आणि एक कॉपी सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या ऑफिसला, पोच घेऊन. मजकूर कसा लिहायचा कळत नसेल तर मला कळवा, मी लिहून देते.