सार्वजनिक, सामाईक की निस्तार?

साकोलीकडील एक वाचक पर्यावरण व नैसर्गिक साधनसंपत्तीच्या अर्थशास्त्रात काम करणाऱ्या विद्यापीठीय संशोधकांची प्रश्नावली मराठीत आणत आहेत. गावतलाव, चराईची जमीन आणि जंगल यांना मिळून 'सार्वजनिक साधने' म्हणावे, 'सामाईक साधने' म्हणावे, की गावकऱ्यांच्या तोंडचा 'निस्तार' घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे. 'देय-इच्छा' (एखाद्या सोयीसाठी माणूस किती पैसे द्यायला तयार आहे, ते) हा शब्दही त्यांना खटकतो.

'सार्वजनिक' येथे चालणार नाही. अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू ती, जी एकाने वापरल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे काही कमी होत नाही आणि जिच्यापासून कोणाला दूर ठेवणेही अवघड असते; रस्त्यावरचा दिवा हे तिचे नेहमीचे उदाहरण. मामा तलावावर (माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजारांकडे असलेल्या गावतलावावर) लोकांना अडवणे तितकेच अवघड, परंतु वरच्या बांधीने (भातखाचराने) पाणी घेतले की खालच्या बांधीला ते तेवढे कमी पडते. शिवाय गावात 'सार्वजनिक' म्हटले की बांधकाम खातेच आठवते.

संशोधकांच्या प्रबंधापुरता 'सामाईक' हाच शब्द योग्य आहे. मात्र त्याचा अर्थ 'कोणालाही मोकळे' असा होऊ देऊ नये. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये ज्या कुरणाचा नाश अटळ म्हणून मांडला, ते सर्वांना मोकळे, नियमाविना सोडलेले कुरण होते. तर २००९ च्या नोबेलच्या मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अभ्यासलेली अनेक जंगले, कुरणे आणि पाटबंधारे हक्कदार कोण हे ठरवून आणि स्वतःचे नियम करून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या टिकवलेले होते. प्रश्नावलीत अडचण वेगळीच येते. सातबाऱ्यावरील 'सामाईक' म्हणजे भावाभावांचे न वाटलेले क्षेत्र किंवा विहीर, त्यामुळे 'तुमच्याकडे सामाईक साधने कोणती?' या प्रश्नाला शेतकरी चुलतभावाबरोबरची विहीर सांगेल, आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल.

'निस्तार' हा शब्द मात्र फार मोलाचा आहे. 'केलेस ना, आता तूच निस्तर' असे आपण म्हणतो, त्या 'निस्तरणे'चाच हा सख्खा भाऊ. मुळात पार पडणे, निभावणे हा अर्थ. मध्य प्रांताच्या महसुली व्यवहारात त्याला घरगुती गरजा भागवण्यासाठी सरपण, बांबू, चारा, माती घेण्याची मुभा असा अर्थ आला, आणि १९५६ मध्ये विदर्भ त्या प्रांताच्या जागी आलेल्या मध्य प्रदेशातून निघाला तरी शब्द येथेच राहिला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रकाची, म्हणजे या मुभेची नोंद असलेल्या पत्रकाची, तरतूद आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांत निस्ताराचा नावानिशी उल्लेख केला आहे. तरीही तो 'साधना'च्या जागी बसत नाही, कारण निस्तार हा हक्क आहे, जंगल नव्हे. शिवाय तो घरच्या वापरापुरता असल्याने विक्रीसाठी तोडलेला तेंदूपत्ता त्यात सहसा धरला जात नाही, आणि संशोधकांना तर त्या उत्पन्नाचीही नोंद हवी असते.

म्हणून माझे मत असे की, प्रबंधात 'सामाईक साधनसंपत्ती' लिहावे आणि प्रश्नावलीत एकच छत्रशब्द न वापरता वस्तूंची नावे घ्यावीत: 'निस्तारासाठी कोणत्या जंगलात जाता?', 'मामा तलावाचे किंवा बोडीचे पाणी कोणाकोणाला मिळते?' (बोडी म्हणजे लहान तळे), 'झुडपी जंगलात गुरे चारता का?' अमरावती-यवतमाळकडे चराईच्या जमिनीला 'ई-क्लास' म्हटल्यावाचून कोणाला पत्ता लागत नाही. गडचिरोलीत, मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क मिळाल्यापासून 'सामूहिक' हा शब्द ग्रामसभांत रुळला आहे, तेव्हा तिथे तो खुशाल वापरावा.

राहिली 'देय-इच्छा'. 'देय' म्हणजे देणे लागणारे, त्यामुळे थकबाकी विचारली जात आहे असाच ऐकणाऱ्याचा समज होतो. 'तलावातील गाळ काढण्यासाठी वर्षाला किती रुपये देण्याची तयारी आहे?' असे सरळ विचारावे; जिथे रोख पैसा हातात कमी असतो, तिथे रुपयांऐवजी श्रमदानाचे दिवस विचारण्याची पद्धत संशोधकांतही आहे.