स्टील, हुस्कवर्ना की ऑनलाइनचं 58 सीसी? डाळिंबबाग काढायला चेनसॉ कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तेल्या रोगानं गेलेली अडीच एकर डाळिंबबाग काढायची आहे, बांधावर वेड्या बाभळी माजल्यात, एक वाळलेली चिंचही पाडायची आहे. टिकायला आणि हाताळायला चांगलं मशीन कोणतं?

मी दुकानदार नाही. मोहोळकडे शेत आहे, माझीही बाग अशीच गेली, आणि तुम्ही विचारलेले तिन्ही प्रकार मी वापरलेत. 58 सीसीचं आधी निकालात काढतो, कारण मी सुरुवात तिथूनच केली होती.

नाव सांगत नाही. त्या मशीनवर दर वर्षी नवंच नाव छापलेलं दिसतं. 22 इंची पट्टी (जिच्यावरून चेन फिरते ती) बघून भुललो. डाळिंबाचं खोड मांडीपेक्षा जाड नसतं, पण जमिनीतूनच तीन-चार खोडं फुटलेली. त्या बेचक्यात एवढी लांब पट्टी शिरत नाही, आणि शिरलीच तर टोक पलीकडच्या खोडाला लागून मशीन उसळतं. टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की कुठल्याही कंपनीचं मशीन अंगावर येतं, चेन जागेवर थांबवणारा चेन-ब्रेक असतो तो यासाठीच. माझ्या मशीनचा ब्रेक महिनाभरात ढिला पडला. मग स्टार्टरची स्प्रिंग तुटली. नवी मिळाली ती बसेना. आणि दिवसभर चालवल्यावर रात्री जेवायला बसलो की भाकरी मोडताना बोटं बधिर. घरात आता ते पोत्यात बांधून ठेवलंय, भंगारवाला येईल तेव्हा जाईल.

आता खरी तुलना दोघांचीच. स्टील म्हणजे पोलाद नव्हे, आंद्रेआस स्टील या जर्मन माणसाचं आडनाव. त्यानं 1926 मध्ये धंदा सुरू केला. हुस्कवर्ना स्वीडनची. 1689 मध्ये बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झालेली, चेनसॉ मात्र 1959 पासून. दोन्हींच्या दर्जात मला खोट काढता येत नाही. फरक आहे तो मॉडेलचा आणि तुमच्या कामाचा.

डाळिंबाला स्टीलचं एमएस 180 पुरतं. 31.8 सीसी, हलकं, लहान पट्टी, वाकून काम करताना कंबर वाचते. पण वेडी बाभूळ वाळली की लय कठीण, तिथं हे रडतं. बाभळी जास्त असतील तर एमएस 250 घ्या: 45.4 सीसी, पट्टी-चेन सोडून 4.6 किलो. हुस्कवर्नाचं 445 याच्याच तोडीचं, 45.7 सीसी, वजन थोडं जास्त, 4.9 किलो. माझं स्वतःचं 250 आहे, पण खरं सांगतो, हाताला 445 मऊ लागतं, थरथर कमी जाणवते. शिवाय त्यात आत येणाऱ्या हवेतला भुसा फिल्टरपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर फेकायची सोय आहे. आपल्याकडच्या उन्हाळी फुफाट्यात हे फार कामाचं. मी दर टाकीला फिल्टर झटकतो, मेहुण्याचं 445 आहे, तो दिवसाआड झटकतो.

मग मी 250 का घेतलं? कारण दुकानात गेल्यावर मी मशीन बघितलंच नाही. काउंटरवर विचारलं, "याची चेन, कार्बोरेटरचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) किट, स्टार्टरची दोरी-स्प्रिंग, ऑईल पंप आत्ता दाखवा." ज्यानं चारही वस्तू फळीवरून काढून समोर ठेवल्या, त्याच्याकडनं घेतलं. तुम्ही सोलापुरात मार्केट यार्डाकडं दोन-तीन दुकानं फिरा आणि हेच विचारा. एखाद्यानं हुस्कवर्नाचे पार्ट असे काढून दाखवले तर बिनधास्त ते घ्या. "मागवून देतो" म्हणाला तर बागेच्या मधोमध आठवडाभर थांबायची तयारी ठेवा. आणि दुकानाच्या मागं मिस्त्री बसतो का, तेही बघून घ्या.

तक्रारी ऐकायला येतात त्यातल्या बऱ्याच मशीनच्या नसतातच. डाळिंब जमिनीलगत कापताना चेन मातीला लागते, आणि माती लागली की धार संपली. आधी खोडाजवळची माती खोऱ्यानं ओढा, मग कापा. भुशाऐवजी पीठ पडायला लागलं की थांबून कानस मारा, 250 ला .325 इंची मापाची चेन असेल तर 4.8 मिलीमीटरची गोल कानस लागते, 180 च्या बारीक चेनला 4 ची. बोथट चेननं जोर लावून कापत राहिलं की पट्टी निळी पडते, इंजिन तापतं, आणि मग गडी म्हणतो कंपनीच खराब.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल दोन्ही कंपन्या त्यांचं स्वतःचं वापरलं तर लिटरला 20 मिली सांगतात. त्या 58 सीसीच्या कागदावर 40 मिली होतं. अंदाजानं ओतू नका, मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, त्यामुळं काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवायचं. नाहीतर चार महिन्यांनी डायफ्राम कडक झालेला सापडतो. चेनला ट्रॅक्टरचं जळकं ऑईल मीही एक हंगाम घातलं. पंप चोंदला. आता नवं आणतो.

मे महिन्यात पारा 43-44 ला गेला की गरम मशीन उन्हात ठेवू नका, मग दोरी ओढून खांदा निखळतो. पहाटे सुरू करून अकराला थांबलेलं बरं. गॉगल आणि जाड बूट घालाच. वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो.

चिंचेला मात्र आधी हात लावू नका. महाराष्ट्रात 1964 चा झाडतोडीचा कायदा आहे, आणि आंबा, साग, जांभळासारखी चिंचही त्या यादीत येते. वाळलेली असली, स्वतःच्या बांधावरची असली तरी आधी रीतसर परवानगीचा अर्ज करा. तो मंजूर होईपर्यंत बाग काढून होईल.