कियारा म्हणजे किरण? कोणी सांगितलं?

प्रश्न असा आला आहे: 'भाचीचं नाव कियारा ठेवायचं घरात घाटतंय. शब्द मूळ संस्कृत आहे का? अर्थ "सूर्याचा पहिला किरण" असा सांगतात, तो बरोबर का? आणि लिहायचं कसं, कियारा, किआरा की कायरा?'

संस्कृत नाही. किरणाशी काडीचा संबंध नाही.

खरं तर इथेच थांबता आलं असतं, पण हा 'पहिला किरण' ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. परवा एका ओळखीच्या घरी नवरा-बायको फोन पुढ्यात घेऊन नावं शोधत बसले होते. कियारापुढे लिहिलेलं: 'मूळ: संस्कृत. अर्थ: पहिला किरण, देवी, शुद्ध.' म्हटलं, बरं, समायरा काढा. मग आयरा काढलं, मायरा काढलं. आलटून पालटून तीच देवी, तेच शुद्ध, तोच किरण. 'किरण'चा 'कियारा' होताना ण कुठे गळाला आणि शेवटी रा कुठून चिकटला, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "सगळीकडे असंच दिलंय." सगळीकडे दिलंय म्हणजे एकाने ठोकून दिलंय आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलंय.

पडद्यावरचं नाव घरात येतं ते अर्थासाठी नाही, आवाजासाठी. कानाला गोड लागतं, मनात बसतं, मग त्याला मागाहून अर्थाचं अस्तर शिवतात. आणि अस्तर संस्कृतच हवं! 1998 च्या 'लायन किंग'च्या दुसऱ्या भागात सिंबाच्या मुलीचं नाव कियारा. 2010 च्या 'अंजाना अंजानी'त प्रियांका चोप्राच्या पात्राचं नाव तेच, आणि त्यावरूनच आलिया अडवाणीने पडद्यासाठी कियारा हे नाव घेतलं. म्हणजे पात्राचं नाव नटीने घेतलं आणि नटीचं आता तुमची भाची घेणार. या वाटेत संस्कृत कुठे भेटलं ते मला दाखवा.

मॅडिसनची गोष्ट याहून भारी आहे. हे इंग्रजी आडनाव, आणि शेवटचा 'सन' म्हणजे सरळसरळ मुलगा. 1984 च्या 'स्प्लॅश' चित्रपटात जलपरी रस्त्याच्या नावावरून हे नाव घेते आणि नायक तिला सांगतो की हे काही नाव नव्हे. तो विनोद होता. पुढे 2001 मध्ये अमेरिकेत मुलींच्या नावांत मॅडिसन दुसऱ्या क्रमांकावर! 'खलीसी' तर 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये नावच नाही, टोळीच्या म्होरक्याच्या बायकोचा तो किताब. तरी 2018 मध्ये अमेरिकेत 560 मुलींचं नाव खलीसी ठेवलं गेलं. आपण मुलीचं नाव पाटलीणबाई ठेवावं तशातला प्रकार. (पाटलीणबाईत निदान दरारा तरी आहे.)

तर कियारा. लॅटिन 'क्लारा', म्हणजे उजळ, स्वच्छ. लॅटिनमधला 'क्ल' इटालियनमध्ये 'क्य' होतो, म्हणून तिकडे 'क्यारा'. दुसरीकडे आयर्लंडमध्ये 'किअर' म्हणजे काळा, आणि त्यावरून मुलीचं नाव 'कीरा'. उच्चार इतके जवळचे की रोमन लिपीत स्पेलिंगं एकमेकांत घुसली आणि आता कुठली कुठून आली हे आईबापांनाही सांगता येत नाही. एक उजळ, एक काळी. घ्या निवडून.

पण मी ज्यासाठी लिहायला बसलो ते पुढेच आहे. 'केदार' म्हटलं की लोकांना शंकर आठवतो. कोशात मात्र केदार म्हणजे पाणी भरलेलं शेत, आपलं भातखाचर. बागेतला वाफा म्हणजे केदार आणि झाडाच्या बुंध्याशी करतो ते आळंही केदारच. आता प्राकृताची खोड अशी की दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला त किंवा द ती गिळून टाकते. 'पाद'चा पाय असाच झाला, 'माता'ची माय अशीच झाली. त्याच वाटेने 'केदार'चा 'केआर' झाला, त्यातून हिंदीत 'कियारी', 'क्यारी' आणि पंजाबीत, ऐका, चक्क 'कियारा'! पुल्लिंगी शब्द. मोठा वाफा तो कियारा, लहान ती कियारी. म्हणजे मॅडिसनसारखंच झालं, मुलीच्या नावात पुरुष दडलेला.

आमचे एक संस्कृतचे जाणकार यावर नाक मुरडतात. म्हणतात, हा निव्वळ योगायोग, नाव परदेशातून आलं. आलं ना, मी कुठे नाही म्हणतोय? माझं म्हणणं एवढंच की उत्तरेकडच्या कानांना ते उपरं वाटलं नाही, कारण क्यारीचा आवाज तिथे आधीपासून रुळलेला होता. याला पुरावा काय, असं ते विचारतात. पहिल्या किरणाचा पुरावा मागताना मात्र हे गृहस्थ कधी दिसले नाहीत. उलट त्यांच्या नातीच्या नावाचा अर्थ मी विचारला तेव्हा विषय बदलला.

मी कियाराला नावं ठेवत नाहीये, गैरसमज नको. चिखल, पाणी, त्यात लावलेली रोपं, असा अर्थ असलेलं नाव मला त्या घासून गुळगुळीत झालेल्या किरणापेक्षा शंभर पटींनी आवडेल.

हां, लिहिण्याचं राहिलंच. 'कियारा' लिहा, उच्चारात य स्पष्ट ऐकू येतो. 'कायरा' हे वेगळंच नाव, आणि माझ्या कानाला तरी त्यात 'कायर' ऐकू येतं. तेही त्याच खोडीचं अपत्य, 'कातर'मधला त गळून झालेलं. तेव्हा ते नको. आणि भाचीच्या पाठीवर भाऊ झालाच तर ॲप उघडू नका, केदार ठेवा.