'लूपवर लावणे' : आवर्तन, पारायण की आणखी काही?

प्रश्न असा आहे : एखादा आवडता इलेक्ट्रोपॉप (म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांवरच्या पॉप गाण्याचा) व्हिडिओ आपण 'लूपवर लावून' बघतो. हे मराठीत कसं म्हणायचं? विचारणाऱ्याला 'पुनरावृत्ती' कोरडा वाटतो, आणि 'पुन्हा पुन्हा बघणे' यात ओढ दिसत नाही.

'पुनरावृत्ती'बद्दलची तक्रार मला पटते. हा शब्द अहवालात शोभतो, 'चुकीची पुनरावृत्ती होऊ नये' अशा वाक्यात. आवडीने केलेल्या गोष्टीला तो लावला की ती गोष्टच सपक होते. पण त्याच 'वृत्' धातूपासून आलेला 'आवर्तन' घ्या, आणि बघा किती फरक पडतो! वृत् म्हणजे फिरणे, वळणे, वर्तुळही त्यातलंच. आवर्तनात नुसतं 'परत तेच' नाही, एक फेरा पूर्ण करून मूळ जागी येणं आहे. तालाचं आवर्तन आपण म्हणतो ते याच अर्थाने. तीनतालाच्या सोळा मात्रा झाल्या की समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचं आणि तिथून पुढचं आवर्तन सुरू.

इलेक्ट्रोपॉपची घडणही अशीच फेऱ्यांची आहे. १९८० साली आलेल्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनवर ठोके मांडायला ओळीने सोळा बटणं होती. सोळावं झालं की यंत्र आपोआप पहिल्यावर येतं. (त्या सोळा म्हणजे चार मोठ्या ठोक्यांचे चार-चार भाग, त्यामुळे तीनतालाशी आकडा जुळणं हा निव्वळ योगायोग. फेरा मात्र खरा.) तेव्हा संगीतातल्या 'लूप'ला आवर्तन म्हणायला मला कसलीच अडचण दिसत नाही.

या शब्दाला अगदी चपखल बसणारा व्हिडिओ म्हणजे माझा सर्वांत लाडका, ऑस्ट्रेलियन गायिका कायली मिनोगच्या 'कम इन्टू माय वर्ल्ड'चा. २००२ सालचा, दिग्दर्शक मिशेल गाँद्री. पॅरिसला लागून असलेल्या बुलोन-बियाँकूरमधला एक चौक. कायली एका दुकानाच्या दारातून बाहेर येते, गात गात चौकाला वळसा घालते, आणि कॅमेरा तिच्याबरोबर फिरत राहतो. वळसा पूर्ण करून ती त्याच दाराशी येते, तर आतून दुसरी कायली बाहेर पडते! आता दोघी चालायला लागतात. मग तिघी, मग चौघी. तिच्याबरोबर रस्त्यावरची माणसंही वाढत जातात, आपापलं तेच काम करणारी. सुरुवातीचा मोकळा चौक शेवटी गजबजून जातो. हे जमलं ते संगणकाने चालवलेल्या कॅमेऱ्यामुळे. तो प्रत्येक वेळी तसूभरही न चुकता तोच फेरा घेतो, म्हणून वेगवेगळ्या वेळी चित्रित केलेले थर एकमेकांवर बेमालूम बसतात. आणि फेरा संपतो तो गाण्याच्या नव्या टप्प्याच्या तोंडाशी. म्हणजे गाण्याचं आवर्तन आणि चालण्याचं आवर्तन एकाच समेवर येतात. ती सम डोळ्यांना दिसते, यासाठीच मला हा व्हिडिओ थोर वाटतो.

पण हे झालं गाण्याबद्दल. बघणारा जे करतो त्याला आवर्तन म्हणू नये असं माझं मत. त्याच्यासाठी 'पारायण' आहेच की. पार + अयन, म्हणजे पैलतीरापर्यंत जाणं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत काही न गाळता. शब्द ग्रंथवाचनातला खरा, पण आवडत्या पुस्तकांची, नाटकांची पारायणं आपण कधीपासून करत आलोय. व्हिडिओला तो लावला तर कुणाच्या कानाला खटकायचं कारण नाही. शिवाय यात भक्ती आहे, जी 'लूपवर लावणे'त नाही. तिथे यंत्र फिरतं, इथे माणूस मन लावून बसलेला असतो. वरच्या व्हिडिओला तर पारायणच हवं. पहिल्यांदा नजर कायलीवरच खिळते. मागचा एखादा पादचारी दुसऱ्या फेऱ्यात स्वतःच्याच शेजारून कसा जातो, ते नंतरच्या पारायणात सापडतं.

'उगाळणे' आणि 'चर्वितचर्वण' हे शब्दही कुणी सुचवतील. ते नकोत, दोन्हींत कंटाळा आहे. 'घोकणे'त पाठांतराची सक्ती आहे. व्हिडिओ बंद केल्यावरही चाल डोक्यातून जात नाही, त्याला मात्र 'मनात घोळणे' हा छान घरचा शब्द आहे.

वाक्यात वापरताना एवढं बघा : पारायण 'चं' घेतं, 'ला' नाही. 'मी या व्हिडिओची पारायणं केलीत' हे सहज मराठी. 'व्हिडिओला पारायण केलं' हे नाही. मित्रांशी बोलताना 'लूपवर लावलंय' म्हणालात तरी बिघडत नाही, तो शब्द आता रुळलाय. आणि बोलण्यातला जोर हवा असेल तर सरळ म्हणा, 'मला त्या गाण्याचा नाद लागलाय.' नाद म्हणजे ध्वनी आणि नाद म्हणजे वेड, गाण्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात.