विचारा ताईला : सगळे पाटील एक कसे करायचे?

मागच्या महिन्यात मी सहज लिहिलं होतं की कॉम्प्युटरवरचे छोटे छोटे वैताग कळवा, मोठे नकोत, मोठ्यांसाठी रिपेअरवाला आहेच, तर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त निघाली संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची. म्हणजे झोटेरो, मेंडले, एंडनोट वगैरे, ज्यात वाचलेले पेपर-पुस्तकं साठवायची आणि थिसिस लिहिताना वर्डमध्ये बटण दाबून संदर्भ टाकायचे. बहुतेक जण झोटेरोवाले, कारण फुकट आहे, म्हणून उत्तरंही त्याचीच देतेय. एका कॉलेजच्या लायब्ररीत बसते मी, त्यामुळे यातलं बरंचसं दुसऱ्यांच्या लॅपटॉपवर बघून बघून शिकलेय.

प्रश्न : ताई, माझा विषय कापूस उत्पादक शेतकरी, संदर्भ लिहायची स्टाइल एपीए. आता खान्देशावर लिहिणारे निम्मे पाटील नि उरलेले चौधरी-महाजन, तर माझ्याकडे पाटील भरपूर. बाकी सगळ्यांचं कंसात नुसतं आडनाव आणि साल येतं, पाटलांचं मात्र कुठे 'आर. पाटील', कुठे 'आर. एस. पाटील'. मी रात्री बसून ती आद्याक्षरं हाताने खोडतो, सकाळी एक नवीन सायटेशन टाकलं की एक खिडकी येते, इंग्रजीत काहीतरी विचारते, मी घाईत 'नो' दाबतो की सगळी आद्याक्षरं परत हजर. गाइड म्हणतात एकसारखं करा. काय करू भो?
— वैतागलेला, अमळनेर

उत्तर : भो नाही, ताई. पण वैताग समजला. आधी हे सांगते की सॉफ्टवेअर इथे चुकत नाहीये. एपीएचा नियमच आहे की एकाच आडनावाचे दोन वेगळे लेखक असले तर वाचकाचा घोळ होऊ नये म्हणून आद्याक्षर लावायचं. तेव्हा तुमचे पाटील खरंच दोन असतील तर ती आद्याक्षरं राहू द्या, गाइडना नियम दाखवा. पण बहुतेक वेळा पाटील एकच असतो आणि आपण त्याला पाच वेळा पाच तऱ्हेने नोंदवलेला असतो.

परवा एकीचा लॅपटॉप उघडून बघितला. डावीकडे फोल्डर, मधे यादी, यादीत क्रिएटरच्या (म्हणजे लेखकाच्या) रकान्यात 'पाटील, पाटील, पाटील' असं छान एकाखाली एक, ती म्हणे बघा ना मॅडम एकच तर आहे. गंमत अशी की त्या रकान्यात नुसतं आडनावच दिसतं. खरा प्रकार कळतो तो एकेका नोंदीवर क्लिक करून उजवीकडच्या पॅनलमध्ये बघितलं की. तिथे एकात 'पाटील' आणि पुढे 'आर.', दुसऱ्यात 'आर. एस.', तिसऱ्यात पूर्ण नाव, चौथ्यात आडनावाच्या जागी 'आर. एस.' आणि नावाच्या जागी पाटील, आणि पाचव्यात सगळं नाव एकाच खान्यात कोंबलेलं. मशीनला ते पाच माणसं दिसतात, त्याचा काय दोष. वेगवेगळ्या जर्नलच्या साइटवरून नोंद आपोआप उचलली की त्या साइटने जसं नाव दिलंय तसंच येतं.

उपाय सोपा आहे पण कंटाळवाणा. वर सर्चमध्ये आडनाव टाका, सगळे पाटील समोर येतील, मग एकेक उघडून जो खरंच एकच माणूस आहे त्याचं नाव सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखं करा, टिंब आणि स्पेससकट, आणि वर्डमध्ये येऊन 'रिफ्रेश' दाबा. अर्धा तास जाईल. कूलर लावून बसा.

आणि ती रात्रीची खोडाखोड बंद करा. सातबाऱ्यावर नाव चुकलं तर आपण झेरॉक्सवर पेनाने खाडाखोड करतो का? तलाठ्याकडे मूळ नोंद दुरुस्त करतो, मग पुढचा उतारा बरोबर निघतो. वर्डमध्ये दिसतो तो झेरॉक्स, मूळ नोंद झोटेरोत. ती खिडकी हेच विचारत असते की तुम्ही हे हाताने बदललंय, ते तसंच ठेवू आणि यापुढे अपडेट करू नको का. 'नो' म्हटलं की तुमची मेहनत गेली, 'यस' म्हटलं तर तो संदर्भ तिथेच गोठतो, उद्या साल दुरुस्त केलं तरी तिथे पोचणार नाही. दोन्हीत तोटाच.

एक अजून. त्या पाचांतल्या दोन नोंदी जर एकाच पेपरच्या असतील तर त्यातली एक डिलीट करू नका. 'डुप्लिकेट आयटम्स'मध्ये जाऊन 'मर्ज' करा. मर्ज केलं तर वर्डमधला धागा टिकतो, डिलीट केलं तर थिसिसमधला तो संदर्भ पोरका होतो आणि मग तुम्ही झोटेरोत कितीही दुरुस्त्या करा, तो जुनंच दाखवत बसतो. पेपर एकीकडे 'जर्नल आर्टिकल' आणि दुसरीकडे 'बुक' म्हणून नोंदला असेल तर मर्ज होत नाही, आधी प्रकार सारखा करावा लागतो.

प्रश्न : सरकारी अहवाल टाकला की यादीत 'महाराष्ट्र, जी. ऑफ' असं येतं. हसू का रडू?
— एक प्राध्यापक, नंदुरबार

उत्तर : हसा सर. 'गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र'मधलं शेवटचं 'महाराष्ट्र' आडनाव ठरलंय आणि बिचाऱ्या गव्हर्नमेंटचं 'जी.' झालंय. नावाच्या खान्याशेजारी एक बारीकसं चिन्ह असतं, इतकं बारीक की चश्मा पुसून बघावं लागतं, ते दाबलं की दोन खाने जाऊन एकच उरतो. त्यात संस्थेचं पूर्ण नाव लिहा. आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचंही हेच होतं. तिथे आणखी एक भानगड, विद्यापीठ १९९० चं, पण कवयित्री बहिणाबाईंचं नाव त्याला लागलं २०१८ ला, तर त्याआधीच्या अहवालाला लेखक म्हणून 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' एवढंच लिहा, मुखपृष्ठावर जे छापलंय ते.

प्रश्न : वर्डमध्ये 'ऍड सायटेशन' दाबलं की काहीच होत नाही, वर्ड गोठतं, मग टास्क मॅनेजरने मारावं लागतं, न सेव्ह केलेलं पान जातं. मुलगा म्हणतो लॅपटॉप बदल. खरंच बदलायचा का?
— भुसावळहून एक आई-कम-पीएचडीवाली

उत्तर : अहो थांबा, लॅपटॉपला काही झालेलं नाही (मुलाला नवा हवाय एवढंच). संदर्भ शोधायची ती आडवी पट्टी उघडलेली असते, पण वर्डच्या मागे लपते. वर्ड तिच्या उत्तराची वाट बघत बसतं आणि आपण वर्डची. पुढच्या वेळी आल्ट-टॅब करा, पट्टी सापडेल, काम करा नाहीतर एस्केप दाबून बंद करा. रोजच होत असेल तर झोटेरोच्या सेटिंग्जमध्ये 'ऍडव्हान्स्ड'खाली 'कॉन्फिग एडिटर' आहे, तिथे 'कीप ऍड सायटेशन डायलॉग रेज्ड' नावाची ओळ शोधून 'ट्रू' करा, बाकी कशाला हात लावू नका. मग पट्टी वरच राहते.

पण दीड-दोनशे पानांची फाइल असेल आणि पट्टी बंद झाल्यावरही मिनिटभर फिरत बसत असेल तर तो वेगळा आजार. दर वेळी सगळे संदर्भ पहिल्यापासून मोजले जातात. 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मध्ये आपोआप अपडेट व्हायची टिक काढा. नवीन संदर्भांखाली तुटक रेघ दिसेल, घाबरू नका, दिवसाचं काम संपलं की एकदा 'रिफ्रेश' दाबून चहा टाकायला जा.

प्रश्न : अहिराणी लोकगीतांवर काम करतोय. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख-नंबर) नाही, शोधगंगा या प्रबंधांच्या साइटवरचे प्रबंध पीडीएफ टाकले तर झोटेरो ओळखत नाही. हाताने भरतोय. साल '१९७८' असं मराठीत टाकलं. शिवाय यादीत इंग्रजी पुस्तकं आधी नि मराठी नंतर अशी एकत्रच येतात, मला दोन वेगळ्या याद्या पाहिजेत. आणि आमचा टायपिस्ट म्हणतो फाइल द्या, मी त्याच्या फॉन्टात करून देतो.
— साक्रीकर

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून जीव खाली-वर झाला, मुख्यतः शेवटच्या वाक्याने. त्याचा फॉन्ट जुना असेल, युनिकोडच्या आधीचा, तर तिथे मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरंच असतात. फाइल त्यात ओतली की झोटेरोचे धागे तुटतील आणि शोध, यादीचा क्रम काहीच चालणार नाही. आमच्याकडे एकाची आख्खी संदर्भसूची अशीच गेली, परत टाइप केली दिवाळीच्या सुट्टीत, घरच्यांनी फराळ टेबलावर आणून दिला. टायपिस्टला चुका तपासायला प्रिंट द्या, फाइल नको.

साल इंग्रजी आकड्यांत टाका. मराठी आकडे झोटेरो साल म्हणून ओळखत नाही. ओळखलं की नाही हे बघायची खूण आहे, तारखेच्या खान्याच्या उजव्या टोकाला फिकट अक्षरात 'वाय' दिसतो, म्हणजे इयर कळलं. पूर्ण तारीख असेल तर 'वाय एम डी'. हे नीट बघत जा, कारण ३/४ लिहिलं तर ते ३ एप्रिल होईल की ४ मार्च सांगता येत नाही, त्यामुळे महिना अक्षरात लिहिलेला बरा.

शोधगंगावर बरेच प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या पीडीएफमध्ये आहेत, त्यात स्कॅन केलेले, त्यांतून झोटेरो काय वाचणार. आधी 'थिसिस' प्रकारची एकच नोंद हाताने करा, मग सगळ्या पीडीएफ ओढून त्या नोंदीवर सोडा. दहा प्रकरणांच्या दहा नोंदी करू नका.

दोन याद्यांचं मात्र थेट बटण नाही, एका फाइलला एकच सूची. मी सांगते ती पळवाट अशी की झोटेरोत 'मराठी' आणि 'इंग्रजी' असे दोन फोल्डर करायचे, एकेकावर राइट क्लिक करून 'क्रिएट बिब्लिओग्राफी' आणि दोन्ही याद्या शेवटी चिकटवायच्या. तोटा असा की थिसिसमध्ये न वापरलेलं पुस्तक फोल्डरमध्ये असेल तर तेही येतं, डोळ्याने तपासा. दुसरा मार्ग म्हणजे अगदी शेवटी फाइलची कॉपी काढून त्या कॉपीत 'अनलिंक सायटेशन्स' करून सूची हाताने हलवायची. कॉपीत म्हटलंय मी. ते एकदा केलं की परत नाही.

प्रश्न : एकच पेपर दोन फोल्डरमध्ये टाकला, एकात खाडाखोड केली तर दुसऱ्यातही झाली. आणि कुठला पेपर कुठे कुठे आहे ते कळतच नाही.
— शिरपूर

उत्तर : एकाच काकांचं नाव दोन लग्नपत्रिकांत छापलं म्हणून काका दोन होत नाहीत. फोल्डर म्हणजे पत्रिका, पेपर म्हणजे काका. फोल्डरमध्ये असताना डिलीट दाबलं तर फक्त पत्रिकेतून नाव जातं, 'माय लायब्ररी'त असताना दाबलं तर काकाच ट्रॅशमध्ये, तिथून महिन्याभरात कायमचे. कुठे कुठे आहे बघायचं तर पेपर निवडून कंट्रोल दाबून धरा (मॅकवर ऑप्शन), डावीकडचे ते ते फोल्डर पिवळे होतात. हे मला स्वतःला दोन वर्षं माहीत नव्हतं.

प्रश्न : केळीवरचे पेपर आहेत. शीर्षकं सगळी कॅपिटलमध्ये येतात आणि शास्त्रीय नावं तिरकी होत नाहीत.
— रावेर

उत्तर : शीर्षकावर राइट क्लिक, 'ट्रान्सफॉर्म टेक्स्ट', 'सेंटेन्स केस'. नंतर जळगाव, इंडिया असली नावं स्मॉल झालीत का ते एकदा बघा. तिरकं करायला शास्त्रीय नावाच्या आधी कोनी कंसात स्मॉल आय आणि नंतर कोनी कंसात स्लॅश आय, वेबपेजला लावतात तसं, शीर्षकाच्या खान्यातच. वर्डमध्ये तिरकं करू नका, का ते वर अमळनेरच्या भाऊंना सांगितलंय.

प्रश्न : झोटेरोच्या सिंकचं (नोंदी नेटवर चढवून सगळीकडे सारख्या ठेवण्याचं) चिन्ह सारखं लाल. पैसे मागतंय. मेंडलेचं जुनं डेस्कटॉप परत टाकू का?
— धुळे

उत्तर : ते २०२२ च्या सप्टेंबरपासून नव्याने डाउनलोडला नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला. झोटेरोत फाइलींसाठी फुकट जागा ३०० एमबी, ती तुमच्या पीडीएफनी भरलीय. सेटिंग्जमध्ये सिंकखाली 'फाइल सिंकिंग'ची टिक काढा, नोंदी फुकटच सिंक होत राहतील, पीडीएफ लॅपटॉपवर राहतील, त्यांची कॉपी अधूनमधून पेनड्राइव्हवर घ्या. झोटेरोचा आख्खा डेटा फोल्डर उचलून गूगल ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका, डेटाबेस खराब होतो.